ध्रुवाकडे माउंट रोखायची साधनं: पुणे-मुंबईच्या आकाशाखाली कोणतं घ्यावं

पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दहा अंश झाकले जातात, म्हणजे दोन मुठीसुद्धा पुऱ्या नाहीत. पणजीत साडेपंधरा, नागपुरात एकवीस. एवढ्या खाली शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी, आंब्याचं झाड, शहराच्या उजेडाने उजळलेली धूळ, सगळं आडवं येतं. दुर्बीण किंवा कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक म्हणजे माउंट, आणि त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं म्हणजे पोलर अलाइनमेंट. या कामाच्या साधनांची परीक्षणं बहुतेक पन्नास अंश अक्षांशावर बसून लिहिलेली असतात. ती वाचून खरेदी केली की पैसे चुकीच्या डब्यात जातात.

आधी गरज किती अचूकतेची आहे ते मोजू. एका अंशाचे ६० भाग म्हणजे कला, एका कलेचे ६० भाग म्हणजे विकला. माउंटचा अक्ष खऱ्या ध्रुवबिंदूपासून (ज्याभोवती सगळं आकाश फिरताना दिसतं) १ कला चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेच्या किंचित वर, म्हणजे ०.२६ विकला सरकतो. २४ मिमी लेन्स आणि ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एक पिक्सेल ३७ विकलांचा होतो. अर्धा अंश चूक ठेवून दोन मिनिटांचं एक्सपोजर घेतलं तरी अर्धा पिक्सेलही सरकत नाही. १३५ मिमीला १० कलांची चूक दोन मिनिटं खपते. ६०० मिमी आणि ३.७६ मायक्रॉनला मात्र त्याच १० कला, गाइडिंगशिवाय (छोट्या जोडकॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरत राहिल्याशिवाय), तीन मिनिटांत सहा पिक्सेलची रेघ ओढतात.

गाइडिंग असेल तर चित्र पालटतं. सरकणं गाइडर सावरतो. उरतं ते फील्ड रोटेशन, म्हणजे गाइड ताऱ्याभोवती चित्राचं फिरणं, आणि त्याची भीती गरजेपेक्षा जास्त घातली जाते. ५ कला चूक आणि ५ मिनिटांचं एक्सपोजर धरलं, तर गाइड ताऱ्यापासून अडीच हजार पिक्सेल लांबच्या कोपऱ्यात तारा पिक्सेलच्या दहाव्या भागाहूनही कमी फिरतो. थोडी चूक फायद्याचीच: डेक्लिनेशनची (उत्तर-दक्षिण दिशेची) मोटर एकाच दिशेने ढकलत राहते आणि गिअरमधली ढिलाई मध्ये येत नाही. तेव्हा खोक्यावर '३० विकला अचूकता' असं छापलेलं पाहून हुरळू नका. गाइडिंग करणाऱ्याला ५ कला पुरतात, न करणाऱ्याला लांब लेन्सवर २ कलांच्या आत यावं लागतं.

माउंटमधला पोलर स्कोप

अक्षातून ध्रुव बघायची ही छोटी दुर्बीण. हा बहुतेक मध्यम माउंटसोबत येतोच, आणि नीट कॅलिब्रेट केला तर २ ते ५ कलांत आणून सोडतो. पण कारखान्यातून आलेला रेटिकल (आतली खुणा कोरलेली काच) क्वचितच मध्यावर असतो. लोक वर्षभर 'पोलर स्कोप बेकार' म्हणत राहतात आणि ते तीन बारीक स्क्रू एकदाही हलवत नाहीत.

हे काम दिवसा करा. दीड-दोन किलोमीटरवरच्या टॉवरचं टोक मधल्या फुलीवर आणा. आरए अक्ष (ताऱ्यांमागे फिरणारा, ध्रुवाकडे रोखायचा तोच) १८० अंश फिरवा. टोक फुलीवरून हललं, तर जेवढं हललं त्याच्या निम्मं अंतर रेटिकलच्या स्क्रूंनी भरा, उरलेलं निम्मं माउंटच्या अल्टिट्यूड-अझिमथ (वर-खाली आणि डावी-उजवीकडच्या) बोल्टांनी. पुन्हा १८० अंश. तीन-चार फेऱ्यांत फुली जागेवर थांबते. एक स्क्रू सैल केल्याशिवाय समोरचा आवळू नका, काच तडकते. आणि तिन्ही एकदम सैल केले तर रेटिकल आत डुगडुगतो आणि सगळं पहिल्यापासून.

आपण ध्रुवाला अढळपद दिलं, पण तो खऱ्या ध्रुवबिंदूभोवती दिवसातून एक फेरी मारतो. सध्या अंतर ३८ कलांच्या आसपास, दरवर्षी किंचित कमी होणारं. स्कायवॉचरच्या नव्या रेटिकलमध्ये ३६, ४० आणि ४४ कलांची वर्तुळं असतात. आज ध्रुव पहिल्या दोघांच्या मध्ये बसवायचा. घड्याळाच्या कुठल्या आकड्यावर, ते फोनवरचं ॲप किंवा माउंटचा हँडसेट (हातातला रिमोट) सांगतो. अंदाज तपासायचा असेल तर ध्रुवापासून ध्रुवमत्स्याच्या दुसऱ्या टोकाच्या तेजस्वी ताऱ्याकडे, कोचाबकडे पाहा: खरा ध्रुवबिंदू त्याच बाजूला असतो. पोलर स्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं हे लक्षात ठेवा, आणि ॲपमध्ये आपल्याच रेटिकलचं चित्र निवडलंय ना ते बघा.

इथली सगळ्यात महाग चूक तारखेची. हँडसेट आधी महिना मागतो, मग दिवस. ५ फेब्रुवारी आपल्या सवयीने ०५/०२ टाकली की यंत्र २ मे धरतं. ध्रुवाची जागा वर्तुळावर ८५ अंशांनी चुकते आणि माउंट जवळपास ५० कला बाजूला बसतो. ध्रुव तर नेमका खुणेवर दिसत असतो, त्यामुळे संशय येत नाही. वेळेचा पट्टा ५:३०, डेलाइट सेव्हिंग बंद, रेखांश पूर्व: या तीन ओळी दरवेळी वाचा.

पोलर स्कोपवर बसणारा काटकोनी आयपीस जोड जरूर घ्या. आपल्या अक्षांशावर नळी जवळजवळ आडवी असते, मान फार वर करावी लागत नाही, पण ट्रायपॉड बुटका ठेवला की गुडघे टेकून, गाल गवताला लावून बघावं लागतं. रेटिकलचा लाल दिवा अगदी मंद करता आला पाहिजे, नाहीतर धुरकट हवेत ध्रुव त्या लालीतच बुडतो. पोलर स्कोपमधून हिरवा लेझर मारायचा जुगाड मात्र नको. विमानतळांच्या शहरांत तो धोकादायक आहे.

पोलमास्टर आणि आयपोलर

दोन्ही म्हणजे ध्रुवाकडे तोंड करून माउंटवर बसवायचे छोटे कॅमेरे. क्यूएचवायच्या पोलमास्टरचं दृश्यक्षेत्र ११ बाय ८ अंश. लॅपटॉपवर ध्रुवावर क्लिक करायचं, भोवतीच्या ताऱ्यांचा नकाशा जुळवायचा, आरए अक्ष दोनदा फिरवायचा, मग पडद्यावरच्या दोन खुणा बोल्टांनी एकत्र आणायच्या. पाच-सात मिनिटांत काम होतं, आणि ध्रुव दिसू लागला की संधिप्रकाशातच सुरू करता येतं. कॅमेरा अक्षाशी तंतोतंत समांतर नसला तरी चालतो. आयऑप्ट्रॉनचा आयपोलर तारे स्वतः ओळखतो, क्लिक करत बसावं लागत नाही, आणि त्यांच्या काही माउंटांत तो आतच बसवलेला येतो.

काम चोख. पण दोघांनाही उत्तरेचं खालचं आकाश मोकळं लागतं, आणि शहरातल्या गच्चीवर नेमकं तेच नसतं. प्रत्येक माउंटला वेगळा ॲडॅप्टर लागतो; तो मागवायला विसरलात तर कॅमेरा खोक्यातच राहणार. शिवाय लॅपटॉप आणायचाच आहे, तर त्या पैशात गाइड कॅमेरा आणि ३० मिमीचा गाइड स्कोप येतो, जो ध्रुवही शोधतो आणि रात्रभर गाइडिंगही करतो. वांगणीसारख्या मोकळ्या जागी दर अमावास्येला माउंट नव्याने मांडणाऱ्याला, ज्याच्याकडे गाइडिंग नाही पण लांब लेन्स आहे, त्याला पोलमास्टर शोभतो. इतरांनी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट परदेशी परीक्षणांत जवळजवळ नसतेच. वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळचे तारे आहेत त्यापेक्षा वर दिसतात. पुण्यातून दिसतो तेवढ्या खाली ध्रुव जवळपास ३ कला वर उचलला जातो, गोव्यात साडेतीनच्या आसपास. साठ अंश अक्षांशावर हाच आकडा अर्ध्या कलेच्या थोडा वर. म्हणजे ३० विकला अचूकतेचं साधन इथे वातावरणाची दुरुस्ती चालू न करता वापरलं तर त्याच्या अचूकतेच्या सहापट चुकीच्या जागी ते मोठ्या आत्मविश्वासाने नेऊन ठेवतं. सेटिंगमध्ये रिफ्रॅक्शनचा पर्याय शोधा, अक्षांश भरा, चालू करा. साध्या पोलर स्कोपमध्ये ही सोय नाही. तिथे सगळं झाल्यावर अक्ष किंचित खाली घ्यायचा, बस.

प्लेट सॉल्व्हिंग: निना, एएसआय एअर, शार्पकॅप

प्लेट सॉल्व्हिंग म्हणजे फोटोतले तारे ओळखून कॅमेरा नेमका कुठे बघतोय ते संगणकाने काढणं. पैशाच्या हिशेबात सगळ्यात सरस पर्याय निना या फोटो काढायच्या सॉफ्टवेअरचा तीन बिंदूंचा पोलर अलाइनमेंट प्लगइन. निना फुकट, प्लगइन फुकट, तारे ओळखणारं एस्टॅप फुकट. आणि त्याला ध्रुव दिसायचीच गरज नाही. उत्तरेला अख्खी सोसायटी उभी असली तरी डोक्यावरचं आकाश पुरतं.

माउंट ढोबळमानाने उत्तरेला करा. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे फोनचं होकायंत्र चालतं, फक्त फोन ट्रायपॉडच्या लोखंडापासून आणि मोटरींपासून हातभर लांब धरा. अल्टिट्यूड पट्टीवर अक्षांश लावा. फोकस नीट करा. इथेच अर्ध्या लोकांचं गाडं अडतं, कारण फुगलेले तारे सॉल्व्ह होत नाहीत. २ ते ५ सेकंदांचं एक्सपोजर पुरे. प्लगइन आरए अक्षावर साधारण दहा-दहा अंश सरकत तीन फोटो घेतो आणि अल्टिट्यूड, अझिमथ, एकूण असे तीन आकडे दाखवतो. मग फोटो काढतच राहतो आणि तुम्ही बोल्ट फिरवता तसे आकडे बदलतात. ट्रॅकरला (छोट्या माउंटला) संगणकाची जोड नसेल तर हाताने फिरवायचा प्रकारही आहे.

या शेवटच्या टप्प्यात आरएचा क्लच, हँडसेट, फोकसर, कशालाही हात लावायचा नाही. दुर्बीण बोल्टाशिवाय दुसऱ्या कशाने हलली तर आकडे सरळ खोटे होतात. पहिली चूक दोन-तीन अंशांची निघाली असेल तर ती कमी केल्यावर सगळी प्रक्रिया पुन्हा एकदा करा. मोठ्या चुकीवरचं पहिलं गणित कच्चंच असतं. क्षितिजाजवळून सुरुवात नको.

एएसआय एअर हा झेडडब्ल्यूओ कंपनीचा छोटा संगणक हेच काम फोनवरून करतो, आवाजासकट, आणि लॅपटॉप वाचवतो. मूळ पद्धत ध्रुवाकडे बघून ६० अंश फिरण्याची. नव्या आवृत्त्यांत आकाशात कुठूनही करायची सोय आली आहे, आणि आपल्याला तीच हवी. तोटा एवढाच की झेडडब्ल्यूओचाच कॅमेरा किंवा ठरावीक डीएसएलआर लागतो. एकदा त्या घरात शिरलात की पुढची खरेदीही तिथूनच. शार्पकॅप या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरचं अलाइनमेंट सोपं आणि जलद, पण त्यासाठी सशुल्क आवृत्ती घ्यावी लागते आणि कॅमेरा ध्रुवाच्या पाचेक अंशांच्या आत बघायला हवा. म्हणजे पुन्हा टाकीचा आणि आंब्याचाच प्रश्न.

ऑस्ट्रेलियात असणाऱ्या मराठी मंडळींना तर प्लेट सॉल्व्हिंगच तारतं. दक्षिण ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टांटिस हा तारा साडेपाच प्रतीच्या आसपासचा, म्हणजे खूप मंद, शहरातून पोलर स्कोपमध्ये सापडला तर नशीब.

ड्रिफ्ट

तारा कुठे सरकतो ते बघून अक्षाची चूक ओळखायची पद्धत: फुकट, कुठल्याही खास साधनाशिवाय, आणि इतर सगळ्यांची परीक्षा घेणारी. पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा आलेख मिळतो. याम्योत्तर वृत्ताजवळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ), वैषुविक वृत्तालगतचा (विषुववृत्ताची आकाशातली रेघ) तारा धरा: तो दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेला झुकलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेला. मग पूर्वेकडचा तारा: दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली, उत्तरेला सरकला तर वर. अर्धा तास जातो. एरवी करायची गरज नाही, पण नवं साधन घेतलं की एकदा करून त्याचा खरेपणा तपासावा.

बोल्ट

साधन कितीही चांगलं असो, शेवटी काम दोन बोल्टांवर येतं. अझिमथचा एक सैल केला की मगच समोरचा आवळायचा. अल्टिट्यूड नेहमी खालून वर उचलत जुळवा. वरून खाली आणलात तर वजन नंतर बसतं आणि आकडा घसरतो. आवळताना १-२ कला सरकतात, म्हणून पडद्याकडे बघत आवळा. माउंट घेताना अक्षांशाची खालची मर्यादा वाचा: पट्टी २० अंशांपासून सुरू होत असेल तर कोल्हापुरात आणि गोव्यात तो माउंट पुरेसा झुकणार नाही. आपल्याकडे अक्ष आडवा पडत असल्याने काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायावर आपटायचीही शक्यता असते. अंधार पडण्याआधी एकदा हाताने पूर्ण फिरवून बघा.

ट्रायपॉड अगदी समपातळीत नसला तरी अलाइनमेंट होतं, फक्त एक बोल्ट फिरवला की दुसरा आकडाही थोडा हलतो. गच्चीवर नेहमीची जागा असेल तर तिन्ही पायांखाली ऑइल पेंटने ठिपके काढून ठेवा. पुढच्या वेळी माउंट मांडल्या मांडल्याच अर्ध्या अंशाच्या आत असतो. पावसाळ्यानंतर वॉटरप्रूफिंगचा नवा हात मारला की ठिपके पुन्हा काढावे लागतात.