कोळशाची बार्बेक्यू शेगडी: नऊ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीत आम्ही झाकणवाली, १८ इंची गोल शेगडी घेतली. आत-बाहेर काळं एनॅमल, खाली राख पडायला ॲल्युमिनियमचं ताट, वर क्रोम चढवलेली जाळी. ठाण्याच्या आमच्या गच्चीवर तिच्यावर पंचवीसेक वेळा तरी भाजून झालंय: सुरमई, कोळंबी, चिकन, पनीर, कणसं. भाजते छानच, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण घेताना साफसफाईबद्दल चकार शब्द कुणी बोललं नाही, म्हणून मुख्यतः तेच लिहितेय.

पहिला धडा जूनमध्ये मिळाला. मेअखेरीस एका रात्री भाजणं झालं, दुसऱ्या दिवशी पहाटे गावी निघायचं होतं, म्हणून राख तशीच ठेवून वर कव्हर घातलं. परतलो तोवर पाऊस सुरू झाला होता. झाकण उघडलं तर राखेचा गिलाव्यासारखा थर बसलेला. तो उलथन्याने खरवडला, तेव्हा खालच्या ताटावर पांढरी पूड आणि मसुराएवढे खड्डे दिसले. एका ठिकाणी तर बोट दाबल्यावर आरपार गेलं. लाकडाच्या कोळशाची राख हवेतलाही दमटपणा ओढते, आणि ओली झाली की तिच्यातला क्षार ॲल्युमिनियम खातो. पायांचे बोल्टही गंजले होते. एनॅमलला मात्र काही झालं नव्हतं.

तेव्हापासून राख एक रात्रही जास्त ठेवत नाही. भाजून झालं की झाकण आणि दोन्ही झरोके बंद करते, हवा तुटली की निखारे आपोआप विझतात. उरलेला लोणारी कोळसा पुढच्या वेळी पुन्हा पेटतो, तेवढीच बचत. सकाळी राख पत्र्याच्या डब्यात काढते. प्लास्टिकच्या बादलीत चुकूनही टाकू नका, राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. आणि तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नका, एनॅमल तडकतं.

जाळी गरम असतानाच साफ करायची. कोळसा उरलेला असतो तेव्हाच दहा मिनिटं झाकण लावून ठेवलं की चिकटलेला मसाला जळून कोरडा होतो आणि सहज निघतो. सुरुवातीला मी तारेचा ब्रश वापरायची. एकदा जाळीच्या सांध्यात केसाएवढी बारीक तार अडकलेली दिसली आणि पोटात धस्स झालं, कारण त्याच जाळीवर मुलांसाठी पनीर लावणार होते. ही भीती उगाच नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडमधले असे सहा रुग्ण नोंदवले होते. अन्नातून गिळलेली तार कुणाच्या घशात रुतली होती, तर कुणाच्या आतड्याला भोक पडलं होतं. ब्रश त्याच दिवशी टाकून दिला. आता अर्धा कांदा सुरीच्या टोकाला टोचून तापलेल्या जाळीवर घासते, आई घावण्यांच्या तव्यावर फिरवते तसाच. जास्त चिकटलं असेल तर नारळाची शेंडी, चिमट्यात धरून.

क्रोमची जाळी पाच महिन्यांत सोलपटायला लागली, तेव्हा बिडाची घेतली. जड आहे, पण माशाची साल चिकटत नाही. तिची निगा बिडाच्या तव्यासारखीच: साबणाच्या पाण्यात भिजत घालायची नाही, धुतलीच तर लगेच विस्तवावर सुकवायची आणि गरम असतानाच तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. मी जवसाचं तेल लावते, कारण ते तापून सुकतं आणि त्याचा कडक थर बसतो. खोबरेल लावून पाहिलं होतं, ते नुसतं चिकट राहिलं आणि त्यावर धूळ बसली.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटायला लागले तेव्हा रंग निघतोय असं वाटून मी दुकानात फोन केला. त्यांनाही सांगता आलं नाही. तो रंग नसून धूर आणि चरबीची साठलेली काजळी असते. झाकण कोमट असताना चुरगळलेल्या वर्तमानपत्राने पुसलं की सगळे पापुद्रे गळून पडतात. दर तीन-चार वापरांनंतर हे करा, नाहीतर ते थेट जेवणात पडतात. एनॅमलवरचे चिकट डाग मी ओल्या राखेनेच घासते, आजी भांडी घासायची तशी, आणि लगेच धुऊन कोरडे करते. ॲल्युमिनियमच्या भागाला मात्र ही राख लावायची नाही.

सध्या पावसाळ्यामुळे शेगडी जिन्याखाली ठेवलीय. आत राखेचा कण नाही, झरोके उघडे आहेत आणि कव्हर काढून ठेवलंय, कारण प्लास्टिकच्या कव्हरखाली घाम धरतो. जाळी तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून घरातच ठेवलीय. भोक पडलेलं ताट काढून स्टीलची जुनी परात बसवली, ती अगदी बरोबर बसली. पुन्हा घ्यायची झाली तर अशीच घेईन, फक्त राखेचं ताट स्टीलचं आहे ना ते आधी बघेन.