फी राहिली म्हणून वकील तुमची फाइल अडवू शकत नाही

आमचा परस्पर संमतीचा घटस्फोट होता. पोटगीचं, मुलीच्या ताब्याचं सगळं ठरलेलं. यात फसण्यासारखं काय असणार, असं वाटून मी वकिलांनी सांगितलं तिथे सह्या केल्या आणि निम्म्याहून जास्त फी रोख देऊन टाकली. पावती मागितली तर म्हणाले, "शेवटी एकदमच देतो." तिथेच मी थांबायला हवं होतं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब नुसार अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी पुढचा टप्पा येतो. (सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालामुळे योग्य कारण असेल तर कोर्ट हा काळ माफही करू शकतं.) वकील म्हणाले, "अर्ज लागलाय, आता सहा महिने निवांत राहा." मी राहिले. सातव्या महिन्यात फोन केला तर साहेब कोर्टात. केस नंबर मागितला की "व्हॉट्सअ‍ॅप करतो". शेवटी ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर नावाने शोधलं, काहीच नाही. कौटुंबिक न्यायालयात जाऊन चौकशी केली, तिथेही नोंद नाही. अर्ज दाखलच केला नव्हता. माझे ते सहा महिने सुरूच झाले नव्हते.

त्यांच्या ऑफिसात फाइल उघडली. पानापानावर आम्हा दोघांच्या सह्या, तारखेची जागा कोरी, प्रतिज्ञापत्रावर शिक्का नाही. त्या सह्या आम्ही एका बाकावर बसून, एकच पेन एकमेकांकडे देत केल्या होत्या. ते सगळं पुन्हा करायचं, या विचारानेच पोटात कालवलं.

वकीलपत्र रद्द करतेय, कागद द्या, असं तिथल्या तिथे सांगितलं. उत्तर आलं, "आधी राहिलेली फी, मग फाइल." विवाह नोंदणीचा मूळ दाखला त्यांच्याकडेच होता. कृपा करून मूळ कागद कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या.

मी घाबरून पैसे देणारच होते. पण नव्या वकीलबाईंनी अडवलं. फी थकली तरी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना खटल्यात स्पष्ट सांगितलंय. फी हवी तर त्यांनी वेगळा दावा लावावा. रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, त्यात हा निकाल आणि अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 च्या कलम 35 खाली राज्य बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, तक्रार करेन, असं लिहिलं. नवव्या दिवशी फाइल आली. दिलेले पैसे आले नाहीत. पावती नाही, त्यामुळे तक्रारीला जोडायला माझ्याकडे फक्त मेसेज आहेत.

तुमचा अर्ज दाखल झालेला असेल तर नव्या वकिलाला जुन्याची 'ना हरकत' लागते. ती देत नसतील तर कोर्टाच्या परवानगीने वकील बदलता येतो. आणि पुन्हा फी भरणं झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

नवा अर्ज मी खिडकीपाशी उभी राहून दाखल करून घेतला आणि सोळा अक्षरी सीएनआर नंबर (केस नोंदली की कोर्टाकडून मिळणारा तिचा क्रमांक) मिळाल्यावरच घरी गेले. सह्यांसाठी नवऱ्याला पुन्हा बोलवावं लागलं. तो आला, काही बोलला नाही. सहा महिने आता त्या दिवसापासून मोजतेय.