फोर बाय फोर पिकअप: लाहौलचा बर्फ आणि वसमतचं काळं रान

गाडी डबल केबिन डिझेल पिकअप आहे. मागं कमानपाटे, आणि पुढची चाकं जोडायला डॅशबोर्डवर एक गोल नॉब: २एच (फक्त मागची दोन चाकं ओढतात), ४एच (चारही चाकं ओढतात), ४एल (चारही चाकं, वेग कमी आणि ओढ जास्त). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही; नाव आलं की सगळी चर्चा बिल्ल्यावर जाते, आणि मी लिहितोय ते अशा कुठल्याही पिकअपला लागू आहे. हिवाळ्यात हीच गाडी घेऊन हिमाचलमधल्या लाहौलला जाऊन आलो. नंतरचा अख्खा पावसाळा वसमत तालुक्यातल्या आमच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, रोजचं दूध घालायला तीच वापरली. त्यावरून झालेलं माझं मत सांगतो. फोर बाय फोरचे जे सल्ले व्हिडिओंमध्ये ऐकायला मिळतात, ते बरेचसे बर्फात आणि वाळूत गाडी चालवणाऱ्यांचे असतात. काळ्या रानात त्यातले अर्धे उपयोगी पडतात. उरलेल्या अर्ध्यांनी गाडी रुतते.

आधी बर्फाचं सांगतो. मनालीहून लाहौलला नेणारा अटल बोगदा २०२० साली सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर. बर्फ पडलेला असला की पोलीस मनालीच्या बाजूलाच गाड्या अडवतात आणि फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढं सोडतात. बोगद्यापलीकडं सिस्सूजवळ रस्ता सोडून गुडघाभर ताज्या बर्फात गाडी घातली. तिथं चाकांना पकड मिळायच्या आधीच गाडीचं पोट टेकतं. आमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास, बर्फ त्याच्या दुप्पट. चॅसीखाली बर्फ दाबला जाऊन त्याचा ओटा तयार होतो, गाडी त्याच्यावर चढून बसते आणि चाकं नुसती फिरत राहतात. यावर उपाय म्हणजे घाई न करणं. थोडं पुढं जायचं, आपल्याच चाकोरीतून मागं यायचं, पुन्हा थोडं पुढं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवायचं, कारण चाक घसरलं रे घसरलं की ते इंजिनाची ताकद कापतं आणि गाडी नेमकी नको तिथं थांबते. खोरं मात्र सोबत पाहिजेच.

उतारावर चारही चाकं ओढतात याचा थांबायला काडीचाही उपयोग नाही. थांबवतात ते टायर, आणि ते फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीलाही चारच असतात. ४एल, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढून इंजिनावरच गाडी सोडायची. खोल बर्फात एबीएसमुळं गाडी उलट लांब जाऊन थांबते. चाक लॉक झालं तर त्याच्यापुढं बर्फाचा ढीग साचून अडथळा होतो, एबीएस तो होऊ देत नाही.

आता आपल्या चिखलाकडं. आमचं रान बेसाल्टच्या खडकापासून झालेलं, भारी, काळं. त्यातली माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मे महिन्यात ज्या भेगेत हात जातो तीच जागा जुलैत गाडीला धरून ठेवते. बर्फ टायरवरून झडून जातो, ही माती झडत नाही. पांदणीत, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेत, पन्नास पावलं गेलं की ऑल टेरेन टायरची नक्षी भरून निघते आणि टायर गुळगुळीत होतो. पुढं माती टायर आणि मडगार्डच्या मधली फट भरायला लागते. एकदा खाली उतरून पाहिलं तर पुढचं चाक आत कोंबल्यासारखं झालं होतं, स्टेअरिंग वळेना. पहारीनं खरवडून काढली, आत सोयाबीनची अख्खी झाडं गुंडाळलेली.

बर्फात 'हळू, एकसारखं, चाक न फिरवता' हा नियम सोन्यासारखा आहे. इथं तो पाळला तर नक्षी भरलेली ती भरलेलीच राहते. चाकाला थोडा वेग दिला तरच माती उडून टायर मोकळा होतो. म्हणजे दुसरा गिअर, ४एल, ॲक्सिलरेटर एका जागी धरून, स्टेअरिंग किंचित डावी-उजवीकडं हलवत. गाडी आडवी जाते, जाऊ द्यायची. आणखी एक गोष्ट आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असते: धो धो पावसापेक्षा भुरभुर पाऊस वाईट. पाणी साचलेल्या राडीत टायर निदान धुऊन तरी निघतो. भुरभुर झाली की वरची चार बोटं माती लेपासारखी चिकटते.

टायर रुंद की अरुंद यावर लोक भांडतात. जिथं चार-सहा इंच चिखलाखाली मुरूम आहे तिथं अरुंद टायर चिखल कापून मुरमाला टेकतो. भर काळ्या रानात खाली टेकायला काही नाही, तिथं रुंदच बरा. आमच्या पांदणीवर दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळं गाडीसोबत आलेली रुंदी तशीच ठेवली.

हवा कमी करायचा सल्ला बर्फ आणि वाळूत पटला. ३२ वरून १८-२० पीएसआयवर आणलं की टायर पसरतो. आपल्याकडं त्यात एक मेख आहे. कापूस निघून गेल्यावर पऱ्हाटीचे तिरपे कापलेले खुंट रानात तसेच उभे असतात, आणि हवा कमी केली की टायरची बाजू फुगून नेमकी त्यांच्यावर येते. बाजूला भोक पडलं की पंक्चरवाला हात जोडतो, टायरच बदलावा लागतो. म्हणून सोयाबीन-हळदीच्या रानात हवा कमी करतो, कापसाच्या रानात नाही. आणि डांबरीवर वेगानं निघायच्या आधी हवा भरायची. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप गाडीत नसेल तर हवा काढूच नये.

पिकअपचं वजन पुढं असतं, मागचा हौदा रिकामा. सकाळी दुधाचे भरलेले कॅन असतात तेव्हा गाडी कुरकुर न करता निघते, परत येताना रिकामी झाली की मागचं बूड नाचतं. कॅन उतरले की युरियाच्या चार गोण्या, ४५ किलोची एक, मागच्या एक्सलच्या वर येतील अशा टाकून आवळून बांधतो. मोकळ्या टाकल्या तर ब्रेक मारल्यावर त्या केबिनवर येऊन आदळतात.

डिफरन्शियल म्हणजे वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी. या पिकअपला पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियल नाही, ४एचमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल कडक जोडला जातो. चिखलात हरकत नाही, चाकांना घसरायला जागा असते. पण पांदण संपून डांबरी लागली की लगेच २एच. कोरड्या डांबरीवर वळणात स्टेअरिंग जड होतं, टायर चीं चीं करतात आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर जातो. आमच्या ड्रायव्हरला हे पटायला वेळ लागला. 'चार चाकं ओढतात तर ओढू द्या की' असं त्याचं म्हणणं.

एक्सलमधले डिफरन्शियल उघडे, म्हणजे बिनलॉकचे असतील तर एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक हलकं झालं की सगळी ताकद त्या दोघांत वाया जाते. बांध तिरका ओलांडताना हेच होतं. मागच्या डिफला (डिफरन्शियलला) दोन्ही चाकं सोबत फिरवणारं लॉक असलेली गाडी मिळत असेल तर सनरूफ सोडा, लॉक घ्या.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात गाडी ओढ्याच्या अलीकडं दोन्ही एक्सलपर्यंत बसली. शेजारचे काका ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी अडकवता अडकवता म्हणाले, "दादा, चारी चाकं ओढू लालीत म्हणतूस, मग मला कामून बोलावलंस?" ओढताना साखळीपेक्षा पट्टा चांगला, पण तुटला तर तोही उसळून जीव घेऊ शकतो. बंपरला अडकवू नका, चॅसीचा हूक शोधा. चाकाखाली घालायला विकतच्या फळ्यांपेक्षा तुराट्यांच्या दोन पेंढ्या आणि ओली पोती मला जास्त कामाला आली.

देखभाल मात्र फोर बाय टूपेक्षा नक्कीच जास्त. चिखल वाळला की विटेसारखा होतो, म्हणून त्याच दिवशी धुवावं लागतं. रिमच्या आत माती राहिली तर महामार्गावर ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंटवर पैसे घालतात. रेडिएटरच्या जाळीत माती बसली की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जातो. ओढ्याच्या पाण्यातून गेल्यावर डिफचं तेल काढून बघा, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. सर्व्हिससाठी नांदेडला जावं लागतं, तो दिवस जातोच. ॲव्हरेज डांबरीवर बारा, पांदणीत ४एलमध्ये विचारू नका.

घ्यावी का? आखाड्यापासून डांबरीपर्यंत मुरमाचा रस्ता झाला असेल तर साधी पिकअप पुरेल, वरचे पैसे ठिबकला लावा. रोज जायचंच आहे आणि पांदण काळी आहे, तर घ्या. फक्त पावसानं उघडीप दिल्यावर वापसा यायला, म्हणजे मातीतलं जादा पाणी ओसरायला, काही दिवस लागतात, तेवढे दिवस रानातून न जाता कॅन बांधापर्यंत डोक्यावर आणण्याची तयारी या गाडीनंतरही ठेवावी लागते. मी आता पुढच्या मृगाआधी मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर टाकणार आहे. महामार्गावर ते आवाज करतात, ओल्या डांबरीवर ब्रेकही कमी लागतात, पण आमचं येणं-जाणं पांदणीतच जास्त.