तालुक्याच्या कॉलेजात चंद्रा दुर्बिणीचा फुकट डेटा: चालतो का?

दीर्घिकासमूहातल्या (म्हणजे अनेक आकाशगंगांच्या झुंडीतल्या) तापलेल्या वायूत लोखंड किती, हे काढायला घरी दुर्बीण लागत नाही, बरा लॅपटॉप पुरतो. नासाची चंद्रा क्ष-किरण दुर्बीण १९९९ पासून वर आहे. निरीक्षण मागणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीची राखीव मुदत संपलेली तिची निरीक्षणं सगळ्यांना खुली, ती हाताळायचं 'सीआओ' हे सॉफ्टवेअरही फुकट. यवतमाळ-गडचिरोलीकडच्या एम.एस्सी. प्रकल्पाला हे नक्की जमतं. अडतं ते भलत्याच ठिकाणी.

सीआओ लिनक्स आणि मॅकवर चालतं, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकावं. कॅलिब्रेशनच्या (यंत्राच्या मोजमापातल्या दुरुस्त्यांच्या) फायली काही जीबीच्या आहेत. मोबाइलच्या रोजच्या पॅकवर त्या ओढत बसू नका, जिल्ह्याच्या ठिकाणाहून हार्डडिस्कवर आणा. निरीक्षणं उतरवणारी 'डाउनलोड चंद्रा ऑब्सआयडी' ही स्क्रिप्ट मात्र आपल्याकडच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. लाईन गेली तर आल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, पूर्ण उतरलेल्या फायलींना ती हात लावत नाही. पुढची 'चंद्रा रेप्रो' (डेटावर नव्याने प्रक्रिया) आणि 'स्पेकएक्स्ट्रॅक्ट' (वर्णपट काढणं) ही कामं मध्येच तुटली की पहिल्यापासून करावी लागतात. मे महिन्यात, कूलर इन्व्हर्टरवर असताना, ती पहाटेच उरकावीत.

सुरुवातीला पर्सियस समूह घ्या. तेजस्वी आहे, पण कॅमेऱ्याची अख्खी चिप भरून टाकतो. त्यामुळे कडेचं रिकामं आकाश पार्श्वभूमी म्हणून कापता येत नाही, 'ब्लँकस्काय' म्हणजे रिकाम्या आकाशाचा तयार डेटाच वापरावा लागतो.

खरी मेख वर्णपटाला (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले, त्या आलेखाला) गणिती प्रतिरूप बसवताना आहे, आणि इथे सॉफ्टवेअरला गुण कापावे लागतात. प्रतिरूप बसवायच्या 'एक्सस्पेक'मध्ये (हे नासाच्या हीसॉफ्ट संचासोबत वेगळं टाकायचं) 'फॅब्स' (वाटेतल्या हायड्रोजनचं शोषण) गुणिले 'एपेक' (तापलेल्या वायूचं प्रतिरूप) दिलं की धातूंचं, म्हणजे हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांचं, प्रमाण १ वर (सूर्याइतकं) गोठलेलं येतं आणि ताम्रसृती (दूर जाणाऱ्या वस्तूच्या रेषांचं सरकणं) ० वर. प्रमाण 'थॉ' या आज्ञेने मोकळं करा, ताम्रसृती ०.०१७९ भरा. लोखंडाची ६.७ केईव्हीची (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) रेषा पर्सियसमध्ये ६.५८ला दिसते, ताम्रसृती ० ठेवली तर ती बसणारच नाही. 'फॅब्स'मधला हायड्रोजनचा आकडा १०चा २२वा घात या एककात असतो, म्हणून ०.१४ लिहायचं. पूर्ण संख्या टाकू नका.

त्याहून वाईट खोड म्हणजे एक्सस्पेकमधला सौर प्रमाणांचा (सूर्यात कोणतं मूलद्रव्य किती, याचा) मुळातला तक्ता १९८९चा आहे. त्यात लोखंड जास्त धरलंय. तोच वायू जुन्या तक्त्यावर ०.३० सौर निघतो, २००९च्या 'एएसपीएल' तक्त्यावर ०.४४. अहवालात तक्त्याचं नाव नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. माती परीक्षणाच्या कार्डावर एकक नसल्यासारखंच ते. शिवाय गार-गरम वायू मिसळलेला असताना एकच तापमान धरलं, तर १ केईव्हीच्या आसपास तापमान असलेल्या समूहांत लोखंड खऱ्यापेक्षा कमी दिसतं; दुसरा 'एपेक' जोडून पाहा.

ऑक्सिजनच्या नादी लागू नका. चंद्राच्या कॅमेऱ्यावर साचत गेलेल्या थरामुळे १ केईव्हीखालची नजर मंदावली आहे. त्यातल्या त्यात सुरुवातीच्या वर्षांचा डेटा बरा. निकेलसाठी एक्सएमएम-न्यूटन ही युरोपची क्ष-किरण दुर्बीण घ्यावी, तर त्याच्या पीएन कॅमेऱ्यात यंत्राचीच तांब्याची रेषा ८ केईव्हीला, निकेलच्या अगदी शेजारी येते. २०२३ला गेलेल्या एक्सरिझम या जपानी क्ष-किरण दुर्बिणीचं उपकरण सुमारे ५ ईव्हीपर्यंत (केईव्हीचा हजारावा भाग म्हणजे ईव्ही) रेषा वेगळ्या करतं, तिथे निकेल सुटं दिसतं. पण त्या उपकरणापुढची झडप उघडली नाही, कमी ऊर्जेचे किरण तिथेच अडतात, त्यामुळे ऑक्सिजन तिथेही मिळत नाही.