पाव किमतीतलं वर्कस्टेशन

उद्यमबागेत मी पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्याच्या, डिझाइनची कामं करतो. फाउंड्रीतून ड्रॉइंग येतं, त्याचं थ्रीडी मॉडेल करून द्यायचं. जुना कॉम्प्युटर मोठ्या फाइलला अडकायला लागला, म्हणून २०२५ च्या श्रावणात बेळगावातल्याच एका सेकंडहँड दुकानातून एचपी झेड४२० वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचा कॉम्प्युटर, घेतलं. ४४,००० रुपये रोख. त्यातले २०,००० बायकोच्या भिशीचे.

"दोन लाखाचा माल हाय साहेब, पाव किमतीत देतोय. वर्षानं परत आणलासा तर तीसला घेतो की," दुकानदार म्हणाला. त्या दोन लाखांना मी भुललो. हे मॉडेल २०१२ चं. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी अशा मशीन एकदम काढतात आणि दलाल अख्खा लॉट उचलतात. नवी असताना किती पडली, याला त्या बाजारात कोणी विचारत नाही.

सहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या सहा भागांचा, झिऑन प्रोसेसर सांगितला होता. घरी टास्क मॅनेजर उघडला तर ई५-१६०३, चारच कोअर. परत गेलो. चिठ्ठीवर नुसतं 'वर्कस्टेशन १ नग'. जीएसटी बिल मी मागितलंच नव्हतं. तो म्हणाला, "व्ही२ प्रोसेसर घाला की, उडंल मशीन." व्ही२ म्हणजे त्याच प्रोसेसरची पुढची पिढी. ५,५०० ला मागवला, बसवला. स्क्रीन काळी ती काळीच.

खानापूरच्या एका ओळखीच्या मेकॅनिकने जुना प्रोसेसर परत बसवला, सुरू होताना एफ१० दाबलं आणि सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. बूट ब्लॉकची तारीख, २८ डिसेंबर २०११. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, आणि बूट ब्लॉक त्याचा कारखान्यातच कायमचा भरलेला भाग. व्ही२ चालायला तिथे मार्च २०१३ ची तारीख लागते, आणि बायोस अपडेट करून ती बदलत नाही. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तोसुद्धा एचपीचा स्वतःचा, जळला तर बाजारातला साधा बसत नाही. सर्व्हरची स्वस्त रजिस्टर्ड रॅम या मॉडेलला चालत नाही. यातलं एकही मला दुकानात सांगितलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर मशीन विकायला त्याच दुकानात नेली. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला होता आणि ११ साठीच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत हा प्रोसेसर नाही. "आता कोण घेतंय हे? सात हजार देतो." तीसचं बोलणं काढलं तर मान वळवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. मशीन उचलून घरी आणली.

गेल्या आठवड्यात मच्छेचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा तिथेच झेड४२० घ्यायला निघाला होता. मी सोबत गेलो. पैसे काढायच्या आधी मशीन चालू करायला लावली, एफ१० दाबलं. प्रोसेसर ई५-१६०३, तारीख २०११ ची. पोराने त्या पानाचा फोटो काढला, आणि आम्ही दोघं पायऱ्या उतरलो.