एनपीटेल: स्वतःच्या वेळेने आयआयटीचा वर्ग

आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणमंचावरील १२ आठवड्यांचा रेषीय बीजगणिताचा अभ्यासक्रम मी नोकरी सांभाळून पूर्ण केला. शिकणे विनामूल्य आहे. शुल्क पडते ते केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेचे, आणि ती केंद्रावर जाऊन देखरेखीखाली द्यावी लागते, म्हणूनच त्या कागदाला काही वजन आहे. २५ टक्के गुण साप्ताहिक स्वाध्यायांना असल्याने नुसती चित्रफीत चालू ठेवून भागत नाही. सिद्धता मांडणाऱ्या प्राध्यापकांना थांबवून, मागे नेऊन तिसऱ्यांदा ऐकण्याची चैन मला महाविद्यालयात कधीच मिळाली नव्हती. हजेरीचा धाक मात्र इथे नाही. मुदतीच्या रात्री साडेअकराला मी दोनदा वही उघडली, हा दोष अर्थातच माझा.