चरणाऱ्या गाईंचं दूध : दहा महिन्यांनंतर

गेल्या जुलैपासून नागपुरातल्या काटोल रोडच्या पुढच्या एका गावाहून 'मोकळ्या चरणाऱ्या गाईंचं' दूध घेतो आहे. रोज दीड लिटर, काचेच्या बाटलीत, पाकिटापेक्षा लिटरमागे तीसेक रुपये जास्त. मे संपत आला, आता लिहायला हरकत नाही.

पहिली तक्रार घरातलीच. आई जन्मभर म्हशीच्या दुधाचा चहा प्यायलेली. "पाणी घालतो का रे हा?" घालत नव्हता. गाईच्या दुधात फॅट ४ टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या दुधात ७. चहा पातळ लागणारच.

खरी गंमत लोण्यात दिसली. ऑगस्टमधलं लोणी हळदीचा हात लागल्यासारखं पिवळं, फ्रिजमधून काढल्या काढल्या भाकरीवर बोटानं पसरायचं. फेब्रुवारीत तेच पांढुरकं आणि असं घट्ट, की चमचा वाकला. गाई त्याच, फ्रिज तोच. दूधवाल्या भाऊंना खोदून विचारलं तेव्हा कळलं, दिवाळीनंतर गवत वाळलं आणि गाई कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) नि सरकीच्या ढेपेवर आल्या.

हिरव्या गवतातल्या मेदाम्लांत, म्हणजे फॅट ज्यांचं बनतं त्या आम्लांत, निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ जातीचं आम्ल असतं. गाईच्या पोटातले जिवाणू त्यातलं बहुतेक बदलून टाकतात, थोडंसंच दुधात उतरतं. त्या उलाढालीत व्हॅक्सेनिक आम्ल तयार होतं, त्याचं कासेत सीएलए (कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक आम्ल) बनतं. चरणाऱ्या गाईच्या दुधात ही असंपृक्त, म्हणजे लोणी मऊ ठेवणारी आम्लं वाढतात, लोणी घट्ट करणारं पामिटिक आम्ल घटतं, म्हणून लोणी मऊ. पिवळेपणा गवतातल्या कॅरोटीनचा. सरकीनं उलट लोणी कडक होतं.

भाऊंच्या पत्रकावर मात्र 'ओमेगा-३ने भरपूर, हृदयासाठी उत्तम' छापलंय. हे काही पटलं नाही. पेलाभर दुधात फॅट १० ग्रॅम, त्यात ओमेगा-३ एक टक्का धरलं तरी ०.१ ग्रॅम. चमचाभर जवसाच्या चटणीत याच्या कितीतरी पट असतं, आणि ती आपल्याकडे तशीही ताटात असतेच. चवीसाठी घ्या, औषध म्हणून नको. पावसाळ्यातलं तूप कढवताना घरभर सुटणारा वास आणि खाली उरलेली बेरी, एवढ्यासाठी मी पैसे मोजले.

एप्रिलात दोनदा दूध नासलं. साडेनऊला बाटली आली तर नागपूरच्या उन्हात दुसरं काय होणार! भाव मात्र बारा महिने एकच, गवत असो की ढेप.

भाऊंना सांगून टाकलंय, आता गवत उगवलं की फोन करा. तोवर आईनं म्हशीचं दूध लावलंय, चहा परत घट्ट झालाय.